बाईंनी खराब ठरवलेल्या टेपा

बाईंना नोकरीवर घेतलं ते बातम्या पुसायला. आमच्या वाहिनीच्या तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक लांबट खोली होती, तिला सगळे टेपघर म्हणत. दाराशी टेबल आणि टेबलावर लोखंडी पेटीसारखं एक यंत्र, ज्याच्या पोटात विजेवर चालणारं मोठं चुंबक होतं. पुस्तकाएवढी जाड कॅसेट त्यावर ठेवायची, बटण दाबायचं. यंत्र गुरगुरायचं आणि दहा-बारा सेकंदांत आतल्या बातम्या नाहीशा व्हायच्या. टेपा लांबून मागवाव्या लागत आणि कधीच पुरत नसत. म्हणून नियम असा होता, की रोजच्या बातमीपत्राची टेप तीस दिवस ठेवायची आणि एकतिसाव्या दिवशी पुसून पुन्हा वापरायला द्यायची. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. यंत्राजवळ हाताला घड्याळ बांधायचं नाही, बंद पडतं, एवढंच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं गेलं.

मी वरच्या मजल्यावर बातम्या लिहायच्या टेबलावर होते. डबा खायला मी खाली यायची, कारण टेपघरात गारवा असायचा आणि फोन वाजत नसे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे आणि उरलेलं बाईंनीच सांगितलेलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक सुतार त्यांच्याकडे आला. वर कोणाला वेळ नव्हता म्हणून शिपायाने त्याला खाली पाठवलं होतं. साडेपाच आठवड्यांपूर्वी आमच्या वार्ताहराने बाजारात चार बायकांना भाव वाढल्याबद्दल विचारलं होतं. त्यातली एक या सुताराची बायको. तिने काहीतरी ठसक्यात उत्तर दिलं आणि हसली, बस्स. पुढे तीन आठवड्यांनी ती दोन दिवसांच्या तापात गेली. फोटो आहेत, सुतार म्हणाला, पण आवाज कुठे नाही, आणि तो आता आठवेनासा झालाय. एकदा ऐकायला मिळेल का?

बाईंनी वही काढली आणि तारखेवर बोट ठेवलं. टेप आठ दिवसांपूर्वी पुसलेली होती. खाली सही त्यांचीच.

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं बाई मला म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, “तुमचं कामच ते, बाई,” आणि दाराचा आवाज होऊ न देता निघून गेला.

त्यानंतर बाईंनी तेव्हाच्या व्यवस्थापकांना विचारून पाहिलं, की निवडक टेपा ठेवता येतील का. शिळ्या बातमीला कोण विचारतं, असं उत्तर मिळालं. मोठ्या नेत्यांची भाषणं वेगळ्या कपाटात ठेवली जातच होती. बाईंना भाषणं नको होती. मग त्यांना नियमातच एक फट सापडली. टेप चुरगळली किंवा चित्र तुटायला लागलं, तर ती पुन्हा वापरायची नाही. ‘खराब’ अशी चिठ्ठी लावून मागच्या मांडणीवर टाकायची. भंगारात काढायला वरची परवानगी लागे, आणि ती मागण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

पुढच्याच महिन्यात एक धडधाकट टेप खराब झाली. नंतर महिन्याला दोन, कधी तीन. ज्या दिवशी शहरात काही वाईट घडलं त्या दिवसाची. ज्यात साधी माणसं बोलली असतील ती. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दुकानदाराने चुकून जास्त वजन दिलं तर परत जाऊन सांगणाऱ्या. पण वहीत ‘खराब’ लिहिताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. ते शाळेत गणित शिकवायचे आणि चेहरा न हलवता विनोद करायचे. “आपल्या घरात दूध एका दिवसात नासतं,” ते म्हणायचे, “तुझ्याकडचं नासलेलं मात्र वर्षानुवर्षं ताजं राहतं.”

एकदा भांडारातले तपासनीस आले. त्यांनी मागच्या मांडणीवरची एक टेप उचलली आणि लावून बघूया म्हणाले. बाईंच्या पाचावर धारण बसली. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, लावा की, फक्त खराब टेपेने यंत्राचं टेप वाचणारं हेड बिघडलं तर कागदावर सही तुम्ही करा. तपासनिसांनी टेप होती तिथे ठेवली. त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही.

वर्षं गेली. कॅसेटा गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, मग सगळंच संगणकात शिरलं. चुंबकाचं यंत्र गंजून गेलं. बाई टेपघरातच राहिल्या, आता नव्या चित्रफितींच्या याद्या ठेवायला. मागच्या मांडणीवर चारशे बारा खराब टेपा जमल्या होत्या. बाईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा वाहिनीने नवी इमारत घेतली आणि जुनं सामान काढायचं ठरलं. यादीत पहिलं नाव खराब टेपांचं होतं. भंगाराची गाडी गुरुवारी येणार होती.

बाई दोन आठवडे कुणाला सांगू, कसं सांगू, या विचारात घुटमळत राहिल्या. खरं सांगावं तर वर्षानुवर्षांच्या खोट्या नोंदी अंगावर येणार. न सांगावं तर टेपा जाणार.

आणि मंगळवारी संध्याकाळी एक चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर आली.

त्यासाठी सव्वीस वर्षं मागे जायला हवं. आमच्या शहरात टेकडीवरच्या टाकीचं पाणी पिऊन अकरा माणसं मेली होती. का मेली ते दोन वर्षांनी सरकारी अहवालात आलं: जुना नळ गंजून फुटला होता आणि त्यात गटाराचं पाणी शिरलं होतं. तोपर्यंत मात्र लोकांनी आपल्यापुरता निकाल लावलेला होता. टेकडीच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. तिथली माणसं तीन-चार पिढ्यांपूर्वी बाहेरून आली, त्यांच्या बोलण्याची ढब जराशी वेगळी. पाण्यात त्यांनीच काहीतरी कालवलं, असं तेव्हा बोललं गेलं आणि काही जणांना मारहाणही झाली. आता, इतक्या वर्षांनी, त्याच वस्तीच्या जागेवरून वाद पेटला होता.

फोनवर फिरणाऱ्या फितीत आमचं जुनं बातमीपत्र होतं. कोपऱ्यात जुनं बोधचिन्ह, त्या दिवसाची तारीख, आणि आमच्या तेव्हाच्या वृत्तनिवेदिका, ज्यांना सगळं शहर ताई म्हणायचं. ताई त्यांच्या त्या ठाम, स्वच्छ आवाजात सांगत होत्या, की टेकडीखालच्या वस्तीतल्या लोकांनी टाकीत विष टाकल्याचं सिद्ध झालं आहे.

आमच्या संपादकांनी तासाभरात निवेदन काढलं, की ही फीत संगणकावर बनवलेली आहे. लोकांनी विचारलं, मग खरी कुठाय? ती दाखवा. दाखवायला आमच्याकडे ती टेप नव्हती. बुधवारी सकाळी कळलं, की पाच वाजता बाजारचौकातून वस्तीवर मोर्चा निघणार आहे.

बाई साडेसातला कार्यालयात आल्या आणि सरळ संपादकांच्या खोलीत गेल्या. मी तिथे निवेदनाचा दुसरा मसुदा घेऊन उभी होते.

“त्या दिवसाची टेप आहे,” बाई म्हणाल्या.

संपादकांनी वही मागवून पाहिली होती. त्या तारखेपुढे ‘खराब’ असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी सांगितलं.

“ते मीच लिहिलंय. ती खराब नाही. त्यातली एकही खराब नाही.”

संपादकांनी मला दार लावायला सांगितलं. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सुतारापासून. संपादकांनी मध्ये एकदाच विचारलं, की त्या टेपेत ताई नेमकं काय बोलल्यात ते तुम्हाला आठवतं का. बाईंना आठवत नव्हतं. त्यांनी त्या टेपा कधी लावून पाहिल्याच नव्हत्या. यंत्र वरच्या मजल्यावर असायचं आणि खराब टेप वर न्यायचं कारण काय सांगणार?

“समजा ताई खरंच तसं बोलल्या असतील, तर?” संपादक म्हणाले.

“तर ते दाखवायचं,” बाई म्हणाल्या.

ताईंना आमच्या गाडीने आणलं, कारण त्यांच्या घरच्या फोनवर पहाटेपासून शिव्या येत होत्या. एकाहत्तर वर्षांच्या ताई काठी टेकत रंगभूषेच्या खोलीत येऊन बसल्या. आरशाभोवतीचे दिवे बंदच होते. बाईंनी त्यांचा हात धरून विचारलं, तुम्ही तसं बोलला होता का.

“मला आठवत नाही गं,” ताई म्हणाल्या. “समोर येईल तो कागद मी वाचायची. रात्री ती फीत चार वेळा बघितली, आणि आता मला वाटायला लागलंय, की बोलले असेन मी.”

तोपर्यंत फीत बनावट आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आता आली.

टेप होती, पण लागणार कशी? त्या जातीचं चालू यंत्र इमारतीत एकच उरलं होतं, आणि ते चालवू शकणारा माणूस निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. यंत्राला कान लावून आजार ओळखायची त्यांची सवय, म्हणून त्यांना डॉक्टर म्हणत. डॉक्टर आठाला आले. त्यांनी कॅसेटचा खोका उघडला, फीत बोटभर ओढली आणि पुन्हा गुंडाळली. बोटाला तपकिरी चिकट काहीतरी लागलं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. चित्र आणि आवाज या तपकिरी थरात असतात. इतक्या वर्षांत हवेतला ओलावा पिऊन थर चिकट होतो. अशी टेप यंत्रात घातली, की थर खरवडून निघतो आणि मागे उरते नुसती कोरी पट्टी. उपाय एकच: मंद उष्णतेत टेप वाळवायची. नीट वाळली तर थोडे दिवस चालते. घाई केली तर दोन मिनिटं चालेल आणि मग किंचाळायला लागेल.

“किती वेळ लागेल?” संपादकांनी विचारलं.

“आठ-दहा तास.”

मोर्चाला नऊ तास होते.

डॉक्टरांनी घरून फळांच्या चकत्या वाळवायचं यंत्र आणलं होतं. गेल्या आठवड्यात यात सफरचंदं होती, म्हणाले, टेपेला वास लागला तर मला बोल लावू नका. त्यांनी फितीची रिळं खोक्यातून मोकळी केली, जाळीवर ठेवली, आणि ठरलं ते असं: तीनपर्यंत वाळवायचं, तासभर निवू द्यायचं, चारला लावायची. उष्णता चोपन्न अंशांवर राहायला हवी. साठच्या वर गेली तर फीत वाकडी होईल.

बाई त्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. दर पंधरा मिनिटांनी तापमापक बघायचा आणि कागदावर आकडा लिहायचा. अकराच्या सुमाराला काटा अठ्ठावन्नवर गेला. त्यांनी झाकण अर्धवट उघडून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. खाली आला. पुन्हा चढला. यंत्राचं उष्णता राखायचं बटण बिघडलेलं होतं. तिथून पुढे चार तास त्या झाकणावर हात ठेवूनच होत्या. दोन बोटं उघड, एक बोट मीट. तळहाताला फोड आला तेव्हा त्यांनी हात बदलला.

वर बातम्या येतच होत्या आणि मी त्या खाली नेऊन सांगत होते, कारण बाई विचारत होत्या. वस्तीच्या दोन्ही तोंडांना पोलीस लागले. त्या मार्गावरच्या बसगाड्या बंद झाल्या. शाळा लवकर सुटली. रात्रपाळी करून घरी निघालेल्या, वस्तीतल्याच एका परिचारिकेला कुणीतरी बोलण्यावरून ओळखलं. तिच्या भुवईवर दगड बसला. हे सांगितल्यावर बाईंनी मला पुढचं काही सांगू नकोस म्हणून हाताने खूण केली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, डोळा वाचला का? वाचला होता.

दुपारी बाईंचे यजमान डबा घेऊन आले. सकाळी दाराशीच राहिलेला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, बायकोच्या हाताकडे पाहिलं. नेहमीचं काहीतरी बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसती खुर्ची ओढली, कागद-पेन्सिल हातात घेतली आणि आकडे लिहायचं काम स्वतःकडे घेतलं.

संपादक तीनदा खाली आले. तिसऱ्या वेळी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की टेपेवर फक्त ताईंचं वाचन असेल की वार्ताहरांचे तुकडेही असतील. प्रसारण जसं गेलं तसं सगळंच असणार, डॉक्टर म्हणाले. संपादकांनी मान हलवली आणि जिना चढून गेले. त्यात काही वेगळं आहे असं तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

चार वाजता डॉक्टरांनी रिळं पुन्हा खोक्यात बसवली. हेड स्पिरिटने पुसलं, दोनदा. चित्र थेट दोन संगणकांत उतरवायची सोय केली. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, तुम्ही घाला. बाईंनी कॅसेट आत ढकलली.

आधी पांढरी खरखर. मग आडव्या रेघा. मग जुनी सुरावट, जराशी बसक्या आवाजात, आणि ताई. पंचेचाळीस वर्षांच्या, ताठ बसलेल्या. खुर्चीत बसलेल्या ताईंनी काठी घट्ट धरली. पहिली बातमी दुसरीच होती, कुठल्याशा कराराची. दुसरीही दुसरीच. सहाव्या मिनिटाला चित्र फाटलं, आवाज घोगरा झाला, आणि डॉक्टरांनी झडप घालून यंत्र थांबवलं. हेडवर तपकिरी लेप बसला होता. ते कापसाने पुसत होते तेव्हा खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. चार वाजून सतरा मिनिटं.

पुन्हा लावली. चित्र आलं.

“टेकडीवरच्या टाकीतलं पाणी प्यायल्याने अकरा जणांचा मृत्यू झाला आहे,” पडद्यावरच्या ताई म्हणाल्या. “कारण अद्याप समजलेलं नाही. पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. नागरिकांनी कोणत्याही अफवेवर विश्वास ठेवू नये.”

ताईंनी डोळे मिटले. पण टेप चालूच होती. घटनास्थळावरून आमचे वार्ताहर, असं म्हणून ताईंनी मान वळवली, आणि पडद्यावर एक सडपातळ तरुण आला. हातात ध्वनिक्षेपक, मागे टाकी. तो म्हणाला, की आदल्या संध्याकाळी टेकडीखालच्या वस्तीतली काही माणसं टाकीजवळ घुटमळताना दिसली होती, असं इथले लोक खासगीत सांगतात. फार तर वीस सेकंद.

तो तरुण म्हणजे आमचे संपादक. आम्ही कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ते भिंतीला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, “ताईंचा भाग लावा. प्रश्न त्यांच्याच वाक्याचा आहे.”

“पुढचाही लावायचा,” बाई म्हणाल्या.

“बाई, बाहेर माणसं दगड घेऊन उभी आहेत. माझं ते वाक्य ऐकलं तर आपण त्यांच्या हातात आणखी एक दगड देऊ.”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. बाईंनाही ते लागलं असावं. पोळलेला हात दुसऱ्या हातात धरून त्या उभ्या होत्या. मग बोलल्या तेव्हा पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वरच्या साहेबाला अरे-तुरे करत होत्या, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“तू चोवीस वर्षांचा होतास. कुणीतरी कानात सांगितलं, तू बोललास. पण अहवाल आल्यावर आपण ते दुरुस्त केलं का? वहीत रोजच्या ठळक बातम्या लिहिलेल्या असतात, मी काल अहवालाची शोधली. तसं बातमीपत्रच नाही. आपण कधी सांगितलंच नाही. तुझं वाक्य कुणाच्या तरी घरच्या टेपेत असणार. उद्या त्याने तेवढंच काढून दाखवलं, की ताईंचंही कुणी खरं मानणार नाही. आज आपण कापलं, तर ज्याने ती फीत बनवली त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?”

संपादक बाहेर गेले. मोरीत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. चार वाजून पस्तीस. चाळीस. डॉक्टर दोन्ही संगणकांतली प्रत तपासत होते. खाली चौकात माणसं जमल्याची चित्रं दुसऱ्या पडद्यावर दिसत होती. कुणीतरी हातगाडीवर चढून बोलत होतं.

पावणेपाचला संपादक ओल्या चेहऱ्याने आत आले आणि म्हणाले, “पूर्ण लावा. आधी मी बोलतो.”

चालू कार्यक्रम तोडला. निवेदकाच्या खुर्चीत संपादक स्वतः बसले, शेजारी ताई. रंगभूषा नाही, समोर कागद नाही. त्यांनी टेप अथपासून इतिपर्यंत दाखवली. त्यांचा तुकडा संपल्यावर ते म्हणाले, “हा मी आहे. मी जे सांगितलं ते मी तपासलं नव्हतं. दोन वर्षांनी ते खोटं ठरलं आणि तेही आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. ते आज सांगतो.” मग त्यांनी अहवालातला गंजलेल्या नळाचा परिच्छेद वाचला. शेवटी बाईंना बोलावलं. बाई कॅमेऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा आल्या. त्यांनी कॅसेट वर धरली, चिठ्ठीवरचं ‘खराब’ दिसेल अशी, आणि म्हणाल्या की हे अक्षर माझं आहे, आणि हे खोटं आहे. टेप मात्र खरी आहे.

मोर्चा निघाला. तो थांबला असं मी लिहू शकत नाही. पण चौकात आठशे माणसं होती, त्यातली वस्तीच्या तोंडापर्यंत दोन-अडीचशेच पोचली. दगड पडले, नऊ घरांच्या काचा फुटल्या, एका शिंप्याच्या दुकानाचं दार मोडलं. अंधार पडायच्या आत पोलिसांनी रस्ता मोकळा केला. जीव कुणाचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी काही माणसं कार्यालयात आली. तुमची ही टेपसुद्धा संगणकावरच केलेली कशावरून नाही, म्हणाली. बाईंनी त्यांना खाली नेलं, कॅसेट हातात दिली, वही उघडून दिली. एकाने चिठ्ठी नखाने खरवडली आणि म्हणाला, जुनी चिठ्ठी करायला काय लागतं? झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. पण त्याच्याबरोबरचे दोघं मात्र नंतर मागे राहिले आणि त्यांनी ती टेप पुन्हा पहिल्यापासून बघितली.

त्याच गुरुवारी भंगाराची गाडी आली आणि बाकीचं सामान भरून गेली. टेपा राहिल्या.

आठवड्याने वस्तीतली ती परिचारिका आली, भुवईवर टाके. तिच्या काकांना तेव्हा, त्या वीस सेकंदांनंतर, घरातून ओढून काढून मारलं होतं. त्यांचा पाय कायमचा अधू झाला. तिला ते वीस सेकंद स्वतः बघायचे होते. बाईंनी लावून दिले. तिने दोनदा पाहिले. संपादक नंतर त्या काकांना भेटायला गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

बाईंना व्यवस्थापनाची नोटीस मिळाली: वर्षानुवर्षं खोट्या नोंदी केल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत लिहून दिलं, की नोंदी खोट्या आहेत आणि केल्याचं मला मान्य आहे. यजमानांनी वाचून, गणिताच्या उत्तराला देतात तशी बरोबरची खूण केली. लेखी ताकीद मिळाली, त्यापलीकडे काही नाही. आठ महिन्यांनी त्या ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या.

टेपा आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, थंड खोलीत. डॉक्टरांनी त्यातल्या बहात्तर उतरवल्या. मग यंत्राचं हेड झिजलं आणि ते नव्याच्या शोधात जगभर पत्रं पाठवतायत. वाहिनीत नवा नियम झाला आहे: प्रत्येक बातमीपत्र त्याच दिवशी, एक शब्द न कापता, तीन जागी ठेवायचं, आणि त्यातली एक जागा वाहिनीच्या हाताखालची नको. हल्ली नवे वार्ताहर रुजू झाले, की संपादक त्यांना आधी आपले स्वतःचे ते वीस सेकंद दाखवतात.

बाई आठवड्यातून दोनदा ग्रंथालयात जातात आणि उतरवलेल्या टेपा ऐकून याद्या करतात: कोण बोललं, कुठे, कशाबद्दल. यादीत त्यांनी एक जास्तीचा रकाना आखला आहे, ‘नंतर चुकीचं ठरलं’. गेल्या महिन्यात मी मदतीला गेले होते. त्या रकान्यात तोवर एकोणीस नोंदी झाल्या होत्या. बाईंनी त्या मला वाचून दाखवल्या, तारखांसकट. त्यातल्या तीन बातम्या मी लिहिलेल्या होत्या. दोन मला आठवत होत्या, तिसरी साफ विसरले होते. आम्ही ती टेप लावली, मी माझी वाक्यं पुन्हा ऐकली, आणि दुरुस्ती काय द्यायला हवी होती ते तिथेच बसून लिहून दिलं.